नाशिकरोड ते आग्रा: भोपाळ, सांची, ओरछा, ग्वाल्हेरमार्गे रेल्वेसहल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सहलीचे पत्रक बाहेर पडले की फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बरेचसे तेच प्रश्न येतात. ते उत्तरांसह इथे एकत्र केले आहेत. पहिल्यांदा येणाऱ्यांनी निदान पहिले पाच प्रश्न वाचूनच नाव नोंदवावे. बाकीचे ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे.

१. सहल किती दिवसांची आहे आणि कुठे कुठे जाते?

सहा रात्रींची, त्यातल्या दोन रात्री गाडीत. शुक्रवारी रात्री नाशिकरोडहून निघायचे, शनिवारी सकाळी भोपाळ. त्या दिवशी सांची आणि विदिशेजवळची उदयगिरी लेणी, मुक्काम भोपाळला. रविवारी सकाळी भीमबेटक्याच्या चित्रगुहा, दुपारच्या गाडीने झाशी आणि तिथून मोटारीने ओरछा. सोमवारी ओरछा आणि झाशीचा किल्ला, संध्याकाळी ग्वाल्हेर. मंगळवार पूर्ण ग्वाल्हेरला, रात्री आग्रा. बुधवारी पहाटे ताजमहाल, त्यानंतर आग्र्याचा किल्ला आणि यमुनेपलीकडची इतिमाद-उद-दौलाची कबर. रात्री परतीची गाडी, गुरुवारी नाशिकरोड.

२. विमानाने दिल्ली गाठून तिथून आग्रा केले तर दोन दिवस वाचतील. मग रेल्वेच का?

ताजमहालच बघायचा असेल तर विमान बरे, आम्हीही तेच सांगू. पण भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा ही सगळी गावे आपल्या नाशिकरोडवरून जाणाऱ्या एकाच दिल्लीच्या मार्गावर आहेत. ओरछा तेवढे झाशीपासून सतरा-अठरा किलोमीटर आत. रोज नवे विमानतळ गाठायला नकोत, बसमध्ये अंग आंबायला नको. झाशी ते ग्वाल्हेर आणि ग्वाल्हेर ते आग्रा हे टप्पे दीड-दोन तासांचे आहेत.

दुसरे कारण आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. भीमबेटक्याची चित्रे अभ्यासकांच्या नजरेस आली तीच आगगाडीतून. १९५७ साली पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर रेल्वेने भोपाळकडे निघाले होते. खिडकीतून त्यांना डोंगरावर उभे असलेले खडक दिसले, आणि स्पेन-फ्रान्समध्ये पाहिलेल्या चित्रगुहांच्या खडकांसारखे ते वाटल्याने ते उतरून तिकडे गेले. पुढे २००३ मध्ये त्या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. आपली गाडी त्याच मार्गाने जाते. बुदनीचा घाट संपल्यावर उजाडलेले असेल तर आम्ही सगळ्यांना उठवून खिडकीशी बसवतो. झोपमोडीची तक्रार आजवर कुणी केलेली नाही.

३. लेणी, किल्ले, देवळे आपल्याकडेही भरपूर आहेत. नाशिकच्या माणसाने तिकडे जाऊन वेगळे काय बघायचे?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि सहलीची आखणी याच उत्तरावर केलेली आहे. तिकडे जाऊन बरेचसे आपलेच बघायचे आहे, फक्त त्याचे दुसरे टोक.

पांडवलेण्यांपासून सुरुवात करा. तिथल्या १९ क्रमांकाच्या लहानशा लेण्यात सातवाहन राजा कण्ह याच्या काळातला लेख आहे. ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, त्यात तिने आपल्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाचे वर्णन केले आहे. सांचीच्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावरही सातकर्णी नावाच्या राजाचा उल्लेख आहे, आणि तो एका कारागिराने कोरवला आहे (प्रश्न १५).

आता पंचवटीत या. रामकुंडाजवळच्या ज्या देवळाची घंटा आपण लहानपणापासून बघतो, ते नारोशंकराचे देऊळ १७४७ चे. हेच नारो शंकर राजेबहाद्दर पेशव्यांतर्फे झाशीचे सुभेदार होते. झाशीचा मूळ किल्ला ओरछ्याच्या बीरसिंह देवाने १६१३ मध्ये बांधला. नारोशंकरांनी तो वाढवला, आणि त्या भागाला आजही शंकरगढ म्हणतात. मालेगावचा भुईकोटही त्यांचाच. झाशीच्या तटावर उभे राहून हे सांगितले की नाशिककर मंडळी एकदम गप्प होऊन ऐकू लागतात, कारण रोजच्या रस्त्यावरचे नाव सातआठशे किलोमीटरवर भेटलेले असते.

ग्वाल्हेरला शिंदे आहेतच. शहराच्या ज्या भागाला लष्कर म्हणतात तो दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसला. आग्र्याचा किल्लाही १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतला तो शिंद्यांच्या फौजेकडून. त्या किल्ल्याचा शिंद्यांच्या चाकरीतला डच अधिकारी जॉन हेसिंग त्याच वर्षी वारला. त्याच्या बायकोने बांधलेली कबर आग्र्याच्या जुन्या कॅथलिक दफनभूमीत आहे. तांबड्या दगडाची, घडण थेट ताजमहालाची. गर्दी नसते, शांतपणे बघता येते.

म्हणूनच सहलीच्या आधीच्या एका रविवारी आम्ही सगळ्यांना सकाळी पांडवलेण्यांवर बोलावतो. ते सहलीचेच पहिले ठिकाण समजा. जमेल त्यांनी यावेच, असा आमचा आग्रह आहे.

४. निघायला शुक्रवारची रात्रच का? शनिवारी निघालो तर आणखी एक रजा वाचेल.

वार बंद-दिवसांवरून ठरवला आहे. ताजमहाल दर शुक्रवारी पर्यटकांना बंद असतो. सांचीचे पुरातत्त्व खात्याचे संग्रहालयही शुक्रवारी बंद. ग्वाल्हेरच्या गुजरी महालातले संग्रहालय सोमवारी बंद. शुक्रवारी रात्री निघाले की सांची शनिवारी, ग्वाल्हेर मंगळवारी आणि ताज बुधवारी येतो. शनिवारी निघाले तर ताज गुरुवारी येईल. म्हणजे गाडी रखडून ताज एक दिवस पुढे ढकलायची वेळ आली तर समोर शुक्रवार. एवढी जोखीम आम्ही घेत नाही.

५. कोणत्या महिन्यात यावे?

नोव्हेंबर ते डिसेंबरचा मध्य, नाहीतर फेब्रुवारी ते मार्चचा मध्य. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत झाशीच्या पुढे दाट धुके पडते. गाड्या तासन्‌तास रखडतात आणि पहाटेचा ताज समोर उभे राहूनही दिसत नाही. नाताळच्या सुट्टीत मुले मोकळी असतात म्हणून त्याच आठवड्याची मागणी दरवर्षी येते, पण तेव्हा सहल काढत नाही. एप्रिलनंतर सांचीच्या टेकडीवर आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर ऊन सोसवत नाही.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत. त्या काळात नाशिकरोड स्थानकावरून निवांत निघणे शक्य नाही, त्यामुळे तेव्हाही सहल नाही.

६. रेल्वेची तिकिटे कोण काढते? नोंदणी किती आधी करावी?

तिकिटे आम्ही काढतो. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, आणि नाशिकरोड ही मधली जागा असल्याने चांगल्या गाड्यांचा कोटा लवकर भरतो. त्यामुळे नाव, आधारवर आहे तसे स्पेलिंग आणि वय आमच्याकडे किमान सत्तर दिवस आधी पोचायला हवे. प्रवासात मूळ ओळखपत्र जवळ ठेवा.

७. शुल्कात काय येते आणि काय येत नाही?

येतात: रेल्वेभाडे, चार मुक्काम (एका खोलीत दोघे), स्थानिक वाहने, नाश्ता आणि रात्रीचे जेवण, सर्व स्मारकांची तिकिटे, सोबत राहणारे दोन मराठी संयोजक आणि प्रत्येक ठिकाणचा परवानाधारक गाइड. ताजच्या मुख्य कबरीत जायचे वेगळे तिकीटही यातच.

येत नाहीत: दुपारचे जेवण, हमाली, कॅमेऱ्याचे शुल्क, खरेदी. दुपारचे जेवण मुद्दाम मोकळे ठेवले आहे. कुणाला पोटभर थाळी हवी असते, कुणाला नुसते ताक. डब्याची निवड (थ्री एसी की टू एसी) तुमची असल्याने रक्कम तुकडीप्रमाणे आणि डब्याप्रमाणे बदलते. ती त्या त्या पत्रकात दिलेली असते.

८. आम्ही दोघेही साठीच्या पुढचे. लोअर बर्थ नक्की मिळेल ना? आणि ज्येष्ठांची सवलत?

ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. लोअर बर्थचा कोटा मात्र आहे: ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया. यात एक मेख आहे. एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच हा कोटा चालतो. सहा जणांचे एकत्र तिकीट काढले की तो हातचा जातो. म्हणून आम्ही ज्येष्ठांची तिकिटे दोघादोघांचीच काढतो. परिणामी तुमचा डबा मैत्रिणीच्या किंवा भावाच्या डब्यापेक्षा वेगळा येऊ शकतो. लोअर बर्थ हवा की एकत्र बसायचे, हे नोंदणीच्या वेळीच सांगा.

इतके करूनही हमी देता येत नाही. अडले तर तुकडीतल्या तरुण मंडळींशी अदलाबदल करतो, आणि नाशिककर याला कधी नाही म्हणत नाहीत.

९. तिकीट वेटिंगवर राहिले तर?

ऑनलाइन काढलेले तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर असेल तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, आणि त्यावर आरक्षित डब्यात चढता येत नाही. आरएसी असेल तर चढता येते, पण बसायला अर्धी जागा मिळते. रात्रभराच्या प्रवासाला आम्ही आरएसी चालवून घेत नाही. आदल्या दिवशी तत्काळमध्ये (एसीसाठी सकाळी दहा, स्लीपरसाठी अकरा) दुसरे तिकीट काढण्याचा प्रयत्न करतो. तेही न जमल्यास पूर्ण शुल्क परत. अर्धवट सोय करून कुणाला नेत नाही.

१०. मी मनमाडला राहते. तिथून चढू शकते का? आणि जळगाव-भुसावळहून?

हो. मूळ तिकीट नाशिकरोडचे असले तरी चढण्याचे स्थानक बदलून घेता येते, मात्र ते चार्ट लागायच्या आत करायला हवे. न कळवता पुढच्या स्थानकावर चढायचे ठरवू नका. टीसीने गैरहजर धरले तर बर्थ दुसऱ्याला जाऊ शकतो. गाडी मध्यरात्रीनंतर तुमच्या स्थानकात येते आणि फार थांबत नाही. फलाटावर डब्याची खूण बघून आधीच उभे राहा. आमचा माणूस दारात असेल.

११. आईचे गुडघे दुखतात, पण तिला यायचेच आहे. किती चालावे लागते?

आईंना जरूर आणा. ठिकाणानुसार सांगतो.

सांचीला वाहन टेकडीवर जाते, वर सपाटी आहे, पायऱ्या मोजक्या. स्तूपाच्या वरच्या प्रदक्षिणापथावर गेले नाही तरी चारही तोरणे खालूनच बघायची असतात, त्यामुळे काही हुकत नाही. भीमबेटक्याची वाट दगडी पण चांगली आहे. गुहा एकमेकींना लागून आहेत, दमले की बसता येते. उदयगिरीला पाचव्या लेण्यातला प्रचंड वराह जवळपास रस्त्यालगतच आहे, त्यांनी तेवढाच बघावा.

ओरछ्याच्या जहांगीर महालाचे जिने उंच, अरुंद आणि कठड्याविना आहेत. गुडघेदुखीवाल्यांनी तिथे वर चढू नये, असे स्पष्ट सांगतो. त्या वेळात त्यांना रामराजाच्या देवळात नेतो. राणी गणेशकुंवरीने अयोध्येहून आणलेली मूर्ती राजवाड्यातच राहिली आणि वाड्याचेच देऊळ झाले, अशी तिथली कथा. तिथे रामाला राजा मानतात आणि शिपाई रोज शस्त्रानिशी सलामी देतात. काळारामाला जाणाऱ्या आपल्या आज्यांना तो सोहळा इतका भावतो की जिने चढून आलेल्यांनाच हुरहुर लागते.

ग्वाल्हेरला उरवाई दरवाजाने मोटार वर जाते. मानमंदिर राजवाड्याच्या तळघरात उतरणारे जिने अंधारे आहेत, तेवढे टाळा. ताजच्या अलीकडे ५०० मीटरपासून पेट्रोल-डिझेलची वाहने बंद असतात, तिथून विजेवर चालणारी गाडी मिळते. चाकाच्या खुर्चीचीही सोय होते, आम्हाला आधी सांगा.

१२. मुलांना आणले तर तिकिटे कशी?

रेल्वेत ५ वर्षांखालील मुलाला वेगळी जागा नको असेल तर भाडे नाही. ५ ते १२ मध्ये बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे, नको असेल तर अर्धे. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, पण वयाचा पुरावा बरोबर ठेवा. आठ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी ही सहल आम्ही सुचवत नाही, कारण एकेका जागी आम्ही खूप वेळ थांबतो.

१३. जेवणाचे काय? आम्ही कांदा-लसूण खात नाही, आणि सोमवारी माझा उपास असतो.

नोंदणीच्या अर्जात लिहा, तशी व्यवस्था होते. सोमवारी ओरछ्याला फळे, दूध, बटाट्याची उपासाची भाजी मिळते. साबुदाणा मात्र आपल्यासारखा मिळेलच असे नाही, भगर-साबुदाण्याचे पीठ घरून घेतलेले बरे. पहिल्या रात्रीचे जेवण घरून आणायचे. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणचे. हा डबा एकमेकांत वाटून खाताना ओळखी होतात, म्हणून त्या रात्री गाडीतले जेवण मागवत नाही.

तिकडचे तिकडे खा. भोपाळला सकाळी पोहे-जिलबी, आग्र्याला बेडई आणि तिखट बटाट्याची भाजी. पेठा घ्यायचा तर शेवटच्या दिवशीच घ्या.

१४. सामान किती आणावे?

स्वतःला उचलता येईल अशी एक बॅग आणि खांद्याची एक पिशवी. गाड्या बदलताना पूल चढावा लागतो आणि हमाल प्रत्येक वेळी मिळतोच असे नाही. दुर्बीण असेल तर जरूर आणा, कारण पुढच्या प्रश्नात आहे.

१५. सांचीला अख्खी सकाळ लागते का? स्तूप तर तासाभरात बघून होतो, असे लोक म्हणतात.

प्रदक्षिणा तासाभरात होते. बघणे होत नाही.

मूळ विटांचा स्तूप अशोकाच्या काळातला, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातला. दगडी आच्छादन आणि तोरणे नंतरची. दक्षिण तोरणाच्या सर्वांत वरच्या आडव्या तुळईवर, मधोमध कोरलेल्या स्तूपाच्या अंगावर एक ओळ आहे: राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद, याचे दान. दुर्बीण लावली की ब्राह्मी अक्षरे सुटी दिसतात. त्याच तोरणाच्या खांबावर दुसरा लेख आहे, विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे काम केल्याचा. तो वाचून पुन्हा नक्षीकडे पाहा. हत्तींच्या गंडस्थळावरची झूल, माणसांच्या पागोट्यांच्या गाठी, वेलीचे एकेक पान इतके बारीक का आहे ते आपोआप कळते. दगडावर हात चालवणारे लोक एरवी हस्तिदंतावर काम करणारे होते.

या तोरणांवर बुद्ध माणसाच्या रूपात कुठेच दिसत नाही. रिकामे आसन, बोधिवृक्ष, पाऊलखुणा, छत्र. आमचा गाइड आधी काही सांगत नाही, तुम्हालाच शोधायला लावतो.

दक्षिण तोरणाजवळ अशोकस्तंभाचा बुंधा आहे. वरचा भाग एका स्थानिक जमीनदाराने उसाच्या चरकासाठी फोडला, असे सांगतात. जनरल टेलरला १८१८ मध्ये ही जागा दिसली, पण पुढची साठेक वर्षे हौशी खणणाऱ्यांनी नासधूसच जास्त केली. पुरातत्त्व खात्याच्या जॉन मार्शलने १९१२ ते १९१९ या काळात आज दिसते ती जागा उभी केली. हे सगळे ऐकत हिंडायचे तर चार तास लागतात, आणि ते आम्ही कमी करणार नाही.

१६. ग्वाल्हेर एका दिवसात होते का?

किल्ला होतो, आणि संध्याकाळी राणी लक्ष्मीबाईंची समाधी आणि तानसेनाची कबर. जयविलास राजवाडा सगळ्यांसाठी ठेवलेला नाही. ज्यांना झुंबरे आणि जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी बघायची आहे, ते दुपारच्या मोकळ्या वेळात जातात.

किल्ल्यावर मोटारीने चढायचे आणि ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी पूर्वेकडच्या जुन्या वाटेने चालत उतरायचे, असा आमचा क्रम आहे. वर मानसिंह तोमराचे मानमंदिर: बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पिवळ्या फरशांतली बदके, हत्ती, केळीची झाडे. मग १०९३ चे सास-बहू मंदिर आणि त्याहून जुने, उंच तेली मंदिर. उतरताना वाटेत एकाच खडकात कोरलेले लहानसे चतुर्भुज मंदिर लागते. आतल्या ८७६ सालच्या लेखात देवाला दिलेल्या बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या माळा ५० असे आकडे आहेत. त्यातली शून्ये आपण आज काढतो तशीच वाटोळी, फक्त जरा लहान आणि वर उचललेली. शिक्षक मंडळी तिथून हलत नाहीत. वाट संपते ती गुजरी महालाशी.

तानसेनाच्या कबरीपाशी आम्ही ग्वाल्हेर घराण्याविषयी थोडे बोलतो. या घराण्याची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी उत्तरायुष्यात नाशिकला रामनाम आधाराश्रम काढला.

१७. आग्र्याला शिवाजी महाराजांना जिथे नजरकैदेत ठेवले ती जागा दाखवता का?

नेमकी जागा म्हणून कोणतीही वास्तू आम्ही दाखवत नाही, कारण तिच्याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. महाराजांचा मुक्काम किल्ल्यात नव्हता, शहरात मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा कुंवर रामसिंह याच्या तळाजवळ होता, एवढे नक्की. कुणी स्थानिक माणूस किल्ल्यातली एखादी अंधारी खोली दाखवून ‘इथेच’ म्हणाला तर मान हलवू नका.

दाखवतो ते हे. महाराज दरबारात गेले १२ मे १६६६ रोजी, याच किल्ल्यात. आमेर (पुढचे जयपूर) दरबारच्या माणसांनी त्या दिवसांत लिहिलेली राजस्थानी पत्रे उपलब्ध आहेत. त्यांवरून दिसते की दिवाण-इ-आममधला दरबार उरकून बादशहा दिवाण-इ-खासमध्ये गेला होता, आणि महाराजांना तिथे नेण्यात आले. आम्ही दिवाण-इ-खासच्या समोरच्या गच्चीवर मंडळींना बसवतो आणि त्या पत्रांतला प्रसंग क्रमाने सांगतो. रांगेत उभे करणे, महाराजांचा संताप, दरबारातून निघून जाणे. मग पहारे, आजारपणाचे निमित्त, आणि १७ ऑगस्टची सुटका. सोबत नऊ वर्षांचे शंभूराजे होते. शेवटी अमरसिंह दरवाजासमोरच्या महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी जातो. घोषणा मनापासून द्या, पण रस्ता अडवू नका.

किल्ल्याचा मोठा भाग लष्कराकडे आहे आणि तो बंदच असतो.

१८. ताजमहालात काय नेता येत नाही?

खाण्याचे पदार्थ, तंबाखू, काडेपेटी-लायटर, ट्रायपॉड, मोठी बॅग. पाण्याची बाटली, मोबाइल, साधा कॅमेरा, लहान पर्स चालते. ड्रोनचा विचारही करू नका. भारतीयांचे तिकीट ५० रुपये आणि मुख्य कबरीत जायचे आणखी २०० रुपये. तिकीट तीन तास चालते. दरवाजे सूर्योदयाआधी अर्धा तास उघडतात, आपण त्याआधी रांगेत असतो. तुमच्या खिशात तंबाखूची पुडी निघाली तर सगळ्या तुकडीची पहाट तिथेच जाते, म्हणून आदल्या रात्रीच खिसे तपासा.

१९. पौर्णिमेच्या रात्रीचा ताज बघता येईल का?

पौर्णिमा आणि तिच्या आधीच्या व नंतरच्या दोन-दोन रात्री ताज रात्री उघडतात. शुक्रवार आणि रमजान वगळून. आपला आग्र्याचा मुक्काम मंगळवारी रात्रीचा एकच. तो या पाच रात्रींत बसला तरच शक्य आहे. तिकीट आदल्या दिवशी काढावे लागते, आणि आपण ग्वाल्हेरहून संध्याकाळी निघतो. गाडी रखडली तर ते वाया जाते. जोखीम तुमची असेल तर तिकीट काढून देतो. पहाटेचा ताज मात्र चुकवू नका.

२०. फत्तेपूर सिक्री, मथुरा, खजुराहो का नाही? मी मागे राहून ती करू का?

आग्र्याच्या एका दिवसात सिक्री कोंबली तर किल्ल्याला तासभरच उरतो आणि प्रश्न १७ मधले सगळे घाईत उरकावे लागते. खजुराहो वाट सोडून आहे. मागे राहायचे असेल तर खुशाल राहा. फक्त नोंदणीच्या वेळी सांगा, म्हणजे परतीचे तिकीट तुम्ही तुमचे काढाल. निघाल्यावर ठरवले तर परतीच्या तिकिटाचे पैसे रेल्वेच्या नियमाप्रमाणे जेवढे मिळतील तेवढेच.

२१. मुलगा अमेरिकेचा नागरिक आहे. त्याला परदेशी लोकांचे तिकीट लागेल?

त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळते ते) असेल तर स्मारकांत भारतीयांचाच दर लागतो. मूळ कार्ड बरोबर हवे, मोबाइलमधल्या फोटोवर खिडकीवरचा माणूस ऐकेलच असे नाही. ओसीआय नसेल तर परदेशी नागरिकांचा दर, आणि तो कितीतरी पट जास्त आहे. तो फरक वेगळा भरावा लागेल. हॉटेलात पासपोर्ट आणि व्हिसाही दाखवावा लागतो.

२२. मी एकटी येणार आहे. चालेल का?

नक्की चालेल, अनेक जणी येतात. खोली दुसऱ्या एकट्या आलेल्या बाईंबरोबर देतो आणि निघण्याआधी दोघींची फोनवर गाठ घालून देतो. स्वतंत्र खोली हवी असल्यास जादा आकार पडतो. गाडीत बर्थ तुकडीच्याच डब्यात असेल.

२३. वाटेत कुणी आजारी पडले तर?

भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा चारही ठिकाणी मोठी रुग्णालये आहेत. रोजची औषधे आठ दिवसांची घ्या आणि ती मोठ्या बॅगेत ठेवू नका. चालत्या गाडीत त्रास झाला तर १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकावर कळवून पुढच्या स्थानकावर डॉक्टर बोलावता येतो. ते काम आमचा माणूस करतो. परत जायची वेळ आली तर एका संयोजकाला सोबत पाठवतो आणि तुकडी दुसऱ्याबरोबर पुढे जाते. यासाठीच लहान तुकडीलाही दोन संयोजक असतात.

२४. मंगळवारी ग्वाल्हेरची गाडी फार रखडली आणि बुधवारची पहाट हुकली तर ताज राहूनच जाईल का?

नाही. ग्वाल्हेर ते आग्रा सुमारे १२० किलोमीटर आहे. गाडी दोन तासांहून जास्त उशिरा दाखवू लागली की आम्ही रस्त्याने निघतो आणि वाहनखर्च आम्ही सोसतो. तरीही पोचायला पहाट झाली तर बुधवारचा क्रम उलटा करतो: सकाळी झोप, मग किल्ला, आणि ताज दुपारी तीननंतर. सूर्यास्ताआधी अर्धा तास दरवाजे बंद होतात, त्यामुळे इतिमाद-उद-दौला सोडावे लागते. परतीची गाडीच रद्द झाली, तर गुरुवारी आग्र्यात थांबतो. त्या दिवशीही ताज उघडा असतो. जादा मुक्कामाचा खर्च मात्र सगळ्यांनी वाटून घ्यायचा असतो, आणि तसे नोंदणीच्या अर्जात लिहिलेले आहे. सही करण्याआधी ती ओळ वाचा.